उरलेले दोन घास आणि तुमचं पोट

पत्र:

"सकाळी सगळे उठून गेले की टेबलावर रोज तेच असतं. मुलीच्या पेल्यात तळाशी तीन-चार घोट दूध, बशीत ब्रेडच्या कडा, नवऱ्याच्या ताटलीत अर्धं अंडं, चावून ठेवून दिलेलं सफरचंद. मला ते टाकवत नाही. सिंकपाशी उभ्या उभ्याच मी ते संपवते आणि तोच माझा नाश्ता. मग अकराच्या सुमारास भूक लागते आणि हाताला लागेल ते खाते. मुलगी नऊ वर्षांची आहे. 'ताटली रिकामी केल्याशिवाय उठायचं नाही' म्हटलं की रडारड, आणि शाळेला उशीर. नवरा म्हणतो, दोन घासांनी काय होतंय, जगात एवढं वाया जातं त्यात आपलं काय मोठंसं. माझी आई आमच्याकडेच असते. तिने हलाखी पाहिली आहे. ती चमचाभर उरलं तरी वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवते आणि चार दिवसांनी तिच्या नकळत मलाच ते टाकावं लागतं. माझं वजनही वाढत चाललंय. मी चिक्कू आहे का? की बाकीचे बेफिकीर आहेत?"

ताई,

तुम्ही चिक्कू नाही. चिक्कू माणसाचा हात वाढताना आखडतो. तुमचा वाढताना आखडत नाही, उलट जरा जास्तच सैल सुटतो, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. उरलेल्याचं काय करायचं यावर तुमचं पत्र भरलंय, पण ते इतकं वाढलं कुणी, किती, आणि कुणाच्या भुकेच्या अंदाजाने, याबद्दल त्यात एक ओळही नाही. त्याकडे येतेच. त्याआधी एक गोष्ट उद्यापासून बंद करा: दुसऱ्यांच्या ताटलीतलं उरलेलं खाणं.

हे ऐकायला कठोर वाटेल, कारण तुम्ही ते चांगल्या भावनेने करता. पण बघा, ते अर्धं अंडं तुम्ही खाल्लंत म्हणून वाचलं असं होत नाही. त्या घरात सकाळी जेवढी अंडी लागत होती त्यापेक्षा अर्धं जास्त उकडलं गेलं, तेव्हाच ते वाया गेलं. नंतर ते डब्यात गेलं की तुमच्या पोटात, याने उद्या किती अंडी उकडली जातील यात काडीचा फरक पडत नाही. उलट तुम्ही ते गुपचूप संपवता म्हणून कुणालाच कळत नाही की रोज अर्धं अंडं उरतंय. तुमच्या मुलीला वाटतं पेला आपोआप रिकामा होतो. नवऱ्याला वाटतं घरात काही वाया जातच नाही. सगळ्यांच्या चुकलेल्या अंदाजावर तुम्ही रोज पांघरूण घालताय, आणि त्याची किंमत एकट्या तुम्ही मोजताय.

हिशोब करायचा तर ब्रेडच्या कडा, अर्धं अंडं, पाव पेला दूध आणि उरलेलं सफरचंद मिळून साधारण दीडशे-पावणेदोनशे कॅलरी होतात. नाश्ता म्हणून हे अपुरं आहे, आणि उभ्याने, घाईत, दुसऱ्याच्या वेळेला खाल्लेलं असल्यामुळे आपण खाल्लं असं मनाला वाटतही नाही. अकराची भूक त्यातून येते. म्हणून तुमचा नाश्ता तुमच्या स्वतःच्या ताटलीत, बसून, तुम्हाला आवडेल तो. घरातल्या बाकीच्या सगळ्यांना हे मिळतं, फक्त तुम्हाला मिळत नाही, हे पत्र वाचताना मला फार खुपलं. वजन वाढायला झोप, थायरॉइड, वय अशी इतर कारणंही असतात. वाढ लक्षात येण्याइतकी असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, सगळा दोष त्या उरलेल्या घासांवर टाकू नका.

आता नवऱ्याचा प्रश्न, कारण तो वाटतो तितका उडवून लावण्यासारखा नाही. दोन घासांनी काय होतं? एका सकाळच्या दोन घासांनी खरंच काही होत नाही. पण जगात वाया जाणारं अन्न असंच, दोन-दोन घासांनी जमतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांत नाही, मोठ्या दुकानांत नाही, घरांत. माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो. या आकड्यात सालं, हाडं, टरफलं असं न खाण्याजोगंही धरलेलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी ७९ किलोला दिवसांनी भागलं तर माणशी रोज दोनशे ग्रॅमच्या वर जातं. कुणीही घरी एका दिवशी ७९ किलो अन्न बाहेर नेऊन ओतत नाही. ते कडा, घोट, चमचे असंच जातं, आणि म्हणूनच कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. 'जगात एवढं वाया जातं त्यात आपलं काय' असं तुमचे यजमान म्हणतात, पण ते 'एवढं' म्हणजे बहुतांशी आपल्यासारख्यांच्याच घरातलं आहे.

त्यांना आकडे आवडत असतील तर आणखी एक द्या. पेल्याच्या तळाशी राहणारं दूध साधारण ६० मिलिलिटर धरू. वर्षभर रोज राहिलं तर जवळजवळ २२ लिटर होतं. दूध तयार व्हायला, म्हणजे जनावराचा चारा उगवण्यापासून सगळं धरून, जागतिक सरासरीने लिटरला हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, त्यातलं बरंचसं पावसाचं. एका अंड्याला सुमारे दोनशे लिटर. म्हणजे ताटलीतल्या अर्ध्या अंड्यामागे शंभर लिटर पाणी उभं आहे. मात्र हे मुलीला ऐकवू नका. नऊ वर्षांच्या पोरीने शंभर लिटर पाण्याचं ओझं डोक्यावर घेऊन अंडं गिळावं, यात मला काही चांगलं दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. सकाळी अन्न उरतं याला सकाळच कारणीभूत आहे. बऱ्याच माणसांना उठल्या उठल्या भूक नसते आणि यात लाड किंवा नखरे नसतात. शरीराच्या आतल्या घड्याळाचा भुकेवर परिणाम होतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा मुद्दाम दिवसरात्रीवर फिरत्या ठेवल्या, म्हणजे घड्याळाचा परिणाम वेगळा काढता येईल. तेव्हा असं दिसलं की भूक सर्वांत कमी सकाळी आठच्या सुमारास आणि सर्वांत जास्त रात्री आठच्या सुमारास असते. अभ्यास लहान आहे, पण अनेक घरांतल्या अनुभवाशी तो जुळतो. रात्रभर काही खाल्लेलं नसूनही सकाळी घास घशाखाली उतरत नाही, असं म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात.

आणि नेमक्या याच वेळी आपण सगळ्यांत कमी विचार करून वाढतो. दुपारी-रात्री कुणी 'अजून घे' म्हणतं, कुणी 'बास' म्हणतं, थोडं मागेपुढे होतं. सकाळी घाई असते, त्यामुळे एकच माणूस सगळ्यांच्या ताटल्या भरून ठेवतो आणि प्रमाण भांडं ठरवतं. मुलीचा पेला केवढा आहे? बहुधा मोठ्यांचाच असेल, आणि तो काठापर्यंत भरला जात असेल, कारण अर्धा भरलेला पेला दिला की आईलाच चुकल्यासारखं होतं. दूध किती लागतं हे मुलीला कुणी विचारलेलंच नाही, ते पेल्याने ठरवलं.

म्हणून पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त बघा. काय उरतं, कुणाचं आणि कसं. दुधाचा पेला तिरका करून पाहा. तळाशी साखरेचा किंवा पावडरचा न विरघळलेला थर असेल तर तो शेवटचा घोट तिला नकोसा होणारच, ढवळून दिलं की प्रश्न मिटतो. पेल्याच्या आत अर्ध्या उंचीवर साय चिकटलेली असेल तर तिने तिथपर्यंत गरम दूध प्यायलं, मग दप्तर भरायला किंवा वेणी घालायला उठली, आणि परत आली तोवर दूध निवलं होतं. अशा वेळी दूध कमी द्यायची गरज नसते, वेणी आधी घालायची असते. आणि काठाजवळच साय असेल, तर तिला सकाळी दूधच नको आहे. तीन घरांत तीन कारणं, आणि तिन्ही ठिकाणी आपण 'पोरगी दूध टाकते' एवढंच म्हणतो.

ब्रेडच्या कडांचंही तसंच. कडा टाकणाऱ्या मुलांना आपण नखरेल म्हणतो, पण ब्रेड फ्रीजमध्ये ठेवत असाल तर दोष फ्रीजचा आहे. भाजताना मऊ झालेला पिठातला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट, दाणेदार होऊ लागतो, आणि फ्रीजच्या तापमानाला हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. बुरशी लांबते, पण ब्रेड शिळा होतो, आणि कडा आधीच कोरड्या असल्याने चामट लागतात. दोन-तीन दिवसांत संपणारा ब्रेड हवा दमट नसेल तर डब्यात बंद करून बाहेर ठेवा. त्याहून जास्त असेल तर सरळ फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तेवढे तुकडे काढून थेट भाजा. गरम केल्यावर तो स्टार्च पुन्हा सैल होतो, म्हणूनच शिळा ब्रेड भाजला की तेवढ्यापुरता ताजा लागतो. पाकिटाच्या दोन टोकांचे तुकडे कुणी खात नसेल तर ते साठवून एकदम भाजून चुरा करून ठेवा. कडा मात्र तिने चावून ठेवलेल्या असतील तर जाऊ द्या.

आठवड्यानंतर वाढायची पद्धत बदला. फक्त एवढंच: जे उरायचं ते भांड्यात उरू दे, ताटलीत नको. भांड्यात राहिलेलं कुणीही खाऊ शकतं, झाकून ठेवता येतं, संध्याकाळी दुसऱ्या कशात घालता येतं. ताटलीत उष्टं झालं की ते एकतर टाकायचं, नाहीतर तुम्ही खायचं. म्हणून सगळ्यांना निम्मं वाढा आणि बाकीचं मधोमध ठेवा. सफरचंद अख्खं देऊ नका. चार फोडी करा, दोन द्या, दोन झाकून ठेवा. उघडी फोड काळी पडते ती हवेमुळे, ती खराब झालेली नसते. लिंबाचा रस चोळला की रंगही टिकतो. केळ्याची सालं फ्रीजमध्ये काळवंडतात पण आतलं केळं चांगलं असतं, हेही सगळ्यांना एकदा सांगून टाका, कारण नुसत्या सालीकडे बघून किती केळी फेकली जातात. अंडी मोजून विचारा: कुणाला अर्धं, कुणाला एक. अर्धं मागायची लाज वाटू नये अशी घरात सवय हवी. भरभरून वाढणं म्हणजेच माया, असं आपल्या मनात इतकं घट्ट बसलेलं असतं की थोडं वाढलं तर आपण कुणावर अन्याय करतोय असं वाटतं. पहिले काही दिवस तुम्हालाही वाटेल. वाटू द्या. भुकेला माणूस परत मागतो.

मुलीशी रोज होणारी 'ताटली रिकामी कर' ही लढाई आता सोडा. 'संपव' ऐवजी 'अजून हवंय का' विचारा. हा नुसता मवाळपणा नाही. लिअॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही मुलांचं लक्ष आपल्या पोटाकडे वेधलं: भूक आहे का, पोट भरलं का. काहींचं लक्ष ताटलीकडे: किती उरलंय, संपवलं तर बक्षीस. नंतर पाहिलं तर पोटाकडे लक्ष दिलेली मुलं आधी पोटभरीचं काही खाल्लं असेल तर पुढे आपोआप कमी खात होती. ताटलीकडे लक्ष असलेल्या मुलांमध्ये ती जाण दिसली नाही. तुमच्या मुलीला भूक कुठे संपते हे आज कळतंय, म्हणूनच तर ती पेला ठेवून उठते. आपण तिला रोज सांगतोय की तुला कळतं ते चूक आणि पेला सांगतो ते बरोबर. अन्नाबद्दलची आस्था तिला शिकवायलाच हवी, पण ती गिळण्यातून नको, घेण्यातून शिकू दे. स्वतः ओतून घेऊ दे. सांडेल, पुसायला लावा. चार-आठ दिवस अंदाज चुकेल, त्यावर भाष्य करू नका. आपण घेतलेलं आपण संपवावं ही जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलीला समजते. दुसऱ्याने भरलेला पेला संपवायची सक्ती तिला नुसती सक्तीच वाटते. आणि एखाद्या दिवशी स्वतः घेतलेलंही नाही संपलं, तर तोंड लहान करून बसवू नका. मोठ्यांचेही अंदाज चुकतात.

आईंबद्दल लिहिताना मी जपून लिहिते आहे. ज्यांनी टंचाई सोसली त्यांच्या हातून चमचाभरही टाकवत नाही, आणि त्यांना आपण आकडे सांगणं शोभत नाही. अन्नाची किंमत घरात सर्वांत जास्त त्यांनाच ठाऊक आहे. पण वाटी फ्रीजमध्ये गेली म्हणजे अन्न वाचलं असं नाही, टाकायचा दिवस फक्त चार दिवस पुढे गेला. आणि यात आरोग्याचाही भाग आहे. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये आणि फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परत गरम करताना ते आतपर्यंत वाफाळलं पाहिजे. शिजवलेल्या भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात बाहेर राहिला की ते विष तयार करतात. ते विष नंतर गरम करून जात नाही. मऊ ब्रेडवर एका कोपऱ्यात बुरशी दिसली तर तिचे धागे आत पसरलेले असू शकतात, तेवढाच कोपरा काढून उरलेला खाऊ नये. वास घेऊन, चाखून 'चांगलं आहे की' म्हणणं पुरेसं नाही, कारण आजारी पाडणारे जंतू वास किंवा चव बदलतीलच असं नसतं. आईंच्या वयात अशा पोटदुखीचा त्रास जास्त होतो. हे कारण त्यांना पटण्यासारखं आहे, 'तू उगाच साठवतेस' हे नाही.

त्यांच्यापासून लपवून टाकणं मात्र थांबवा. त्यांना कळत असणारच, आणि ते त्यांना टाकण्यापेक्षाही जास्त लागत असेल. त्याऐवजी फ्रीजचा एक कप्पा त्यांचा करून द्या, दर्शनी, डोळ्यांच्या उंचीवर. उरलेलं सगळं तिथेच ठेवायचं, काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात, म्हणजे मागे ढकललं जाणार नाही. आणि रोज सकाळी काही नवीन करण्याआधी आईंनीच सांगायचं की कालचं काय आहे आणि आज कशात घालायचं. चमचाभर उरलेल्यातून काय करता येतं हे त्यांच्याइतकं तुम्हाला-मला कुणालाच येत नसेल. त्यांची ही जाण घरात कामी आली तर वाटीत साठवायची गरजच कमी होईल. ताटलीतलं उष्टं मात्र त्या कप्प्यात नको, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

काही गोष्टी टाका आणि मनाला लावून घेऊ नका. कपाच्या तळाचा चहाचा गाळ, करपलेला कोपरा, बुरशीचा ब्रेड, आजारी माणसाने अर्धवट ठेवलेलं काहीही. टाकलेलं ओलं अन्न इतर कचऱ्यात मिसळून कचऱ्याच्या ढिगात दाबलं गेलं की हवेविना कुजून मिथेन वायू तयार होतो, म्हणून जमत असेल तर ते वेगळं काढून त्याचं खत होऊ द्या. जागा नसेल, जमत नसेल, तर त्याचाही ताण घेऊ नका. आधी उरणं कमी होऊ दे.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्याशी हे सकाळी टेबलावर बोलू नका, मुलीसमोर तर नाहीच. नाहीतर 'दोन घासांनी काय होतं' हे वाक्य तिची ढाल होईल. संध्याकाळी निवांत असताना सांगा, आणि अन्न वाया जातं इथून सुरुवात करू नका. 'तुमचं उरलेलं अर्धं अंडं रोज मी उभ्याने खाते, आणि आता मी ते बंद करतेय' इथून करा. मला खात्री वाटते की हे त्यांना माहीतच नसेल. ज्या माणसाला जगातल्या अन्नाचं काही वाटत नाही त्यालाही आपल्या बायकोने आपलं उष्टं सिंकपाशी उभं राहून खावं हे आवडत नाही. मग त्यांना एक काम द्या: सुटीच्या दोन दिवसांचा नाश्ता त्यांचा. करायचा त्यांनी, वाढायचा त्यांनी आणि शेवटी टेबलही आवरायचं त्यांनीच. कुणाला किती लागतं हे त्यांनी विचारायचं, आणि जे उरेल त्याचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. त्या दोन दिवशी तुम्ही मधे पडू नका, मदतीलाही नाही.